घरगुती कारणास्तव

नोकरी सोडणाऱ्या स्त्रीच्या राजीनाम्यात बहुधा दोनच शब्द असतात: 'घरगुती कारणास्तव'. साहेब सही करतात, अर्ज फायलीत जातो. मग तेच साहेब म्हणतात, "बायकांना कितीही शिकवा, लग्न झाले की नोकरी सोडतात."

सोडतात, की सोडावी लागते?

कर्नाटकातल्याच, कूर्गच्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. या सेवेतील त्या पहिल्या स्त्री अधिकारी. सेवेच्या १९६१ च्या नियमांत असे होते की स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी. आणि संसारामुळे कामात अडथळा येईल असे सरकारला वाटले, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुष अधिकाऱ्यांनाही संसार होतेच. त्यांची काळजी सरकारने केली नाही, कारण ते सांभाळायला घरी कोणीतरी होते! मुथम्मा १९७० साली हंगेरीत राजदूत झाल्या, तरी वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. तोवर बढती मिळाल्यामुळे १९७९ साली अर्ज निकालात निघाला, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले.

पहिल्या गरोदरपणी हवाई सुंदरीला कामावरून काढण्याचा एअर इंडियाचा नियम त्याच न्यायालयाने १९८१ साली रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांतील लग्नबंदी मात्र त्याच निकालात टिकली.

असे नियम आता कागदावर नाहीत. मुलाखतीत मात्र मुलीलाच विचारतात, "लग्नाचे काय ठरवले आहे?" बाळंतपणाची भरपगारी रजा २०१७ साली १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, हे चांगलेच झाले. पण तो पगार मालकाच्या खिशातून जातो, तेव्हा मुलगी घेण्यापेक्षा मुलगा घेतलेला बरा, असा हिशेब काही ठिकाणी होतो. रजेवरून परतलेल्या बाईला आढळते की आपले काम दुसऱ्याकडे गेले आहे, आणि बढतीही त्यालाच मिळाली आहे. पगार कमी म्हणून माणूस काही दिवस कळ काढतो. डोळ्यांदेखत डावलले गेल्यावर कशासाठी राहील? शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी हे सगळे पाहत असते, आणि तीही मनाशी काही ठरवते.

माझी सूचना साधी आहे. स्त्रीचा राजीनामा आला की सही करण्याआधी तिला समोर बसवून विचारावे, कोणते घर? तिचे, की हे कार्यालय? आणि ती जे सांगेल ते त्याच फायलीत लिहून ठेवावे.