भरलेले गाल आणि एक विसरलेला प्रश्न

गेल्या महिन्यात धंतोलीतील माझ्या दवाखान्यात सदुसष्ट वर्षांच्या एक काकू सुनेसह आल्या. नातीच्या लग्नापूर्वी त्यांनी गालांत फिलर भरून घेतले होते. “लग्न पार पडले, डॉक्टर. आता हे काढून द्या. आरशात मीच मला परकी वाटते.” सून खाली मान घालून बसली होती, आग्रह तिचाच होता.

मी विचारले, नेमके काय टोचले होते? दोघींनाही ठाऊक नव्हते, आणि उपाय तर त्यावरच अवलंबून असतो. फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे असेल, म्हणजे झिजलेल्या गुडघ्यात ज्याचे इंजेक्शन देतात त्याच द्रव्याचे, तर हायल्युरोनिडेज या विकराने ते बहुधा एकदोन दिवसांत विरघळते. हे औषध नवे नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याभोवती भूल देताना ते मिसळण्याचा प्रघात जुना आहे. वाचकांपैकी कित्येकांनी ते नकळत घेतलेही असेल. मात्र कॅल्शियमच्या फिलरवर किंवा सिलिकॉनवर त्याची मात्रा चालत नाही.

जुलै 2025 मध्ये मुंबईच्या उर्फी जावेद यांनी ओठांतील फिलर विरघळवतानाची चित्रफीत स्वतःच प्रसृत केली. सुजलेला चेहरा पाहून लोक हसले. मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. अशी सूज बहुधा काही दिवसांत ओसरते. पण श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या, तर ती ॲलर्जी समजावी. मधमाशी वा गांधीलमाशी चावून पूर्वी तीव्र त्रास झाला असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

एका प्रसंगी विचार करीत बसायला वेळ नसतो. फिलर घेतल्यावर त्वचा पांढरी पडली, जाळीदार निळसर झाली, असह्य वेदना झाल्या किंवा दृष्टी अंधुक झाली, तर रक्तवाहिनी बंद झाल्याची शक्यता असते. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

सुनेच्या मोबाइलमध्ये औषधाच्या खोक्याचे छायाचित्र सुदैवाने सापडले. फिलर हायल्युरॉनिक आम्लाचेच निघाले. मी काकूंना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. पंधरवड्याने त्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या, तेव्हा गालांवरच्या सुरकुत्या परतल्या होत्या. या खेपेस सून बोलत होती आणि काकू ऐकत होत्या.