आवडली म्हणण्याची चोरी

गेल्या वर्षी आमच्या विभागात एम. ए.च्या शोधप्रकल्पांचे विषय ठरविण्याची बैठक झाली. एका विद्यार्थिनीने विषय मांडला होता: एमिली हेन्री ह्या अमेरिकन लेखिकेची ‘बुक लव्हर्स’ (२०२२) ही प्रेमकादंबरी आणि मराठी कथात्म साहित्यातील मिळवत्या नायिका. समितीने तो दोन मिनिटांत निकालात काढला. ‘विषय हलका आहे’ एवढाच शेरा. समितीत कोणीच कादंबरी वाचली नव्हती असे म्हणता आले असते तर बरे झाले असते, पण तसे नव्हते. आम्ही दोघांनी ती वाचली होती. एकच प्रत आळीपाळीने घेऊन, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून, आणि (आता लपवून काय करायचे) काही प्रकरणे दोनदा वाचली होती. तरीही आम्ही मान खाली घालून पुढच्या विषयाकडे वळलो. पुढचा विषय ग्रामीण कादंबरीतील दुष्काळाचा होता. तो एकमताने मंजूर झाला.

दुष्काळाच्या विषयाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्या मुलीचा विषय ज्या प्रतिक्षिप्त क्रियेने झटकला गेला तिच्याशी, आणि त्या क्रियेत आमचाही हात होता म्हणून अधिक.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोरा स्टीफन्स ही न्यूयॉर्कमधील साहित्यिक एजंट. लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी वाटाघाटी करणारी, त्या व्यवसायात निष्ठुर म्हणून ख्याती असलेली बाई. मराठी वाचकाला हा व्यवसाय समजावून सांगावा लागतो, कारण आपल्याकडे तो जवळजवळ नाही. आपला लेखक स्वतःच हस्तलिखित घेऊन प्रकाशकाच्या दारी जातो आणि मानधनाचा प्रश्न काढायला लाजतो. तिकडे एजंट लेखकाच्या उत्पन्नातील साधारण १५ टक्के घेतो आणि लाजण्याचे काम त्याच्या वाट्याला येत नाही. चार्ली लास्ट्रा हा संपादक. दोघांची पहिली भेट जेवणाच्या टेबलावर होते आणि चार्ली नोराच्या लेखिकेचे, डस्टी फील्डिंगचे, पुस्तक तोंडावर नाकारतो. ते पुस्तक पुढे तुफान खपते. दोन वर्षांनी गर्भवती धाकट्या बहिणीच्या, लिबीच्या, हट्टाखातर नोरा नॉर्थ कॅरोलायनामधल्या सनशाइन फॉल्स नावाच्या काल्पनिक गावी महिनाभर राहायला जाते. डस्टीच्या त्या कादंबरीचे कथानक ह्याच गावात घडलेले असते. तिथे तिला चार्ली भेटतो. हे त्याचेच गाव. वडील आजारी, कुटुंबाचे पुस्तकांचे दुकान डबघाईला आलेले, म्हणून तो परतलेला.

येथवर ऐकून आमच्या सहकाऱ्यांच्या कपाळाला जी आठी पडेल ती आम्हांला दिसते आहे. शहर, गाव, योगायोग, पुस्तकांचे दुकान. पण हेन्रीने हा साचा अजाणता वापरलेला नाही. अमेरिकन लोकप्रिय प्रेमकथांत एक ठरलेले कथानक असते: शहरातला धावपळीचा माणूस कामानिमित्त छोट्या गावी जातो, तिथल्या साध्यासुध्या मुलीच्या प्रेमात पडतो, आणि शहरात मागे ठेवलेल्या, फोनवर सतत कामाचे बोलणाऱ्या प्रेयसीला सोडून देतो. ती मागे राहिलेली बाई म्हणजे नोरा. तिला असे एकदा नव्हे, अनेकदा सोडले गेले आहे. दुसऱ्याच्या गोष्टीत जी खलनायिका, तिच्याच बाजूने गोष्ट सांगायची, हा ह्या कादंबरीचा पाया. आपल्या चित्रपटांतली शहरी, इंग्रजी फाडणारी, नायकाला शेवटी गमावणारी मुलगी आठवावी. तिच्या घरी रात्री काय होत असेल, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला होता?

परंतु आम्हांला कादंबरी आवडली ती ह्या युक्तीमुळे नव्हे. युक्त्या पुष्कळ असतात. आवडली ती कामामुळे.

डस्टी नवी कादंबरी लिहू लागते. तिची नायिका थंड रक्ताची, माणूसघाणी अशी एक एजंट आहे, आणि पहिली पाने वाचताच नोराला कळते की हे आपलेच व्यंगचित्र आहे. संपादनाचे काम योगायोगाने चार्लीकडे येते, आणि त्यात नोराही सामील होते. म्हणजे आता दोघांनी मिळून त्या व्यंगचित्राला अधिक चांगले, अधिक खरे, अधिक धारदार करायचे आहे! स्वतःचा अपमान शुद्धलेखनासह तपासून द्यायचा, आणि तोही अशा माणसाच्या शेजारी बसून की ज्याला ठाऊक आहे की हे तुझ्यावरूनच लिहिलेले आहे. ह्याहून नाजूक प्रणयप्रसंग आम्हांला अलीकडच्या वाचनात आढळला नाही. इथे डोळ्यांत डोळे घालणे नाही. समासातल्या टिपा आहेत. हे पात्र इथे असे का वागते, ह्यावर वाद आहे. एका वाक्याला दुसऱ्याने दिलेली दाद आहे. आणि वाचता वाचता लक्षात येते की दोघेही पात्राविषयी बोलत नसून नोराविषयी बोलत आहेत, आणि चार्ली त्या हस्तलिखितातील बाईची बाजू घेतो आहे. माणसाला त्याच्या कामातून कोणी ओळखणे, हे प्रेमाचे रूप आहे, हे कादंबरी सांगत नाही, करून दाखविते.

मराठीच्या प्राध्यापकाला हे अपरिचित वाटायचे कारण नाही. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना पत्रे लिहीत, कथा परत पाठवीत, पुन्हा लिहायला लावीत. त्या पत्रव्यवहाराविषयी आपण किती आदराने बोलतो! कोणीतरी आपले लिखाण आपल्याइतक्याच, किंबहुना आपल्याहून अधिक गांभीर्याने वाचते आहे, ह्या जाणिवेत लेखकाला केवढे सुख असते, हे आपण जाणतो. तेच सुख एका स्त्री-पुरुषामध्ये वाटले गेले की ते हलके का होते? आणि असे पाहा: संपादन ह्या कामाभोवती बेतलेली, ते काम कसे चालते हे दाखविणारी एकही प्रेमकथा मराठीत आम्हांला पटकन आठवत नाही. ना. सी. फडक्यांच्या नायकांना प्रेम करायला अवकाश भरपूर, कारण बहुतेकांना पोटापाण्याची विवंचना नाही. (ते स्वतः मात्र महाविद्यालयात शिकवीत होते. प्राध्यापकाने प्रेमकथा लिहिणे ज्या काळी चालत होते त्या काळाचा आम्हांला थोडा हेवा वाटतो.) आमच्या कथा-कादंबऱ्यांत नोकरी येते ती घुसमट म्हणून, वेळापत्रक म्हणून, लोकलची गर्दी म्हणून. कामाची गोडी म्हणून क्वचित.

त्या विद्यार्थिनीच्या विषयात ‘मिळवत्या नायिका’ हे शब्द होते, आणि तिथे तिची नजर आमच्याहून तीक्ष्ण होती. विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली प्रसिद्ध झाले आणि शिकलेल्या, कमावत्या अविवाहित मुलींचे जग मराठीत प्रथमच इतक्या उघडपणे आले. लेखिकेला टोपणनावाआड राहावे लागले. शांता गोखले ह्यांची ‘रीटा वेलिणकर’ १९९० मधली. रीटा ही कचेरीत वर चढलेली, कोवळ्या वयापासून आईवडिलांचा आणि धाकट्या बहिणींचा भार उचललेली थोरली मुलगी. आता नोरा पाहा. आई गेलेली, धाकट्या बहिणीचे सगळे आपण निभावायचे हे तिने मनाशी पक्के केलेले, त्यासाठी पैसा हवा म्हणून संपादक होण्याची इच्छा बाजूला ठेवलेली. न्यूयॉर्क आणि मुंबई ह्यांत अंतर कितीही असो, ह्या दोघी एकमेकींना पाहताक्षणी ओळखतील. थोरल्या मुलीचा कोरडेपणा कुठून येतो, हे मराठी घरांत कोणाला सांगावे लागत नाही.

फरक इतकाच की रीटाला त्याची किंमत कोसळून द्यावी लागते, आणि नोराला प्रेम मिळते. तेही काम न सोडता, शहर न सोडता, मऊ न होता. गावी राहते ती लिबी. आणि नेमके इथेच आमचे समीक्षाशास्त्र अडखळते. कोसळणारी नायिका आम्हांला गंभीर वाटते, सुखी होणारी उथळ. परीक्षक म्हणून आम्ही वर्षानुवर्षे दुःखाला गुण जास्त देत आलो आहोत.

‘शेवट ठाऊकच असतो, मग वाचायचे काय?’ हा आक्षेप आम्ही स्टाफरूममध्ये इतक्या वेळा ऐकला आहे की तो करणाऱ्यांनी कधी ‘सौभद्र’ पाहिले नसावे अशी शंका येते. १८८२ पासून मराठी प्रेक्षक तिकीट काढून, सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे पक्के ठाऊक असताना, किर्लोस्करांचे ते नाटक पाहत आला आहे. कृष्णाची योजना चुकेल अशी धाकधूक कोणालाच नसते. ‘शाकुंतला’त दुष्यंताची आणि शकुंतलेची पुन्हा भेट होते म्हणून कालिदासाला कोणी साचेबंद म्हटल्याचे ऐकिवात नाही. सुखान्त हा संस्कृत नाटकाचा संकेत, अभंगाची अक्षरसंख्या हे वृत्ताचे बंधन, आणि प्रेमकादंबरीचा आश्वासक शेवट मात्र बाजारूपणा! रचनेचा नियम पाळून आत काय केले, हे पाहायचे असते, असे आम्हीच पहिल्या सत्रात शिकवितो.

भरताच्या यादीत शृंगार पहिला आहे. आमच्या अभ्यासक्रमातही तो आहे, नाही असे नाही; पण पुरेसा जुना झाल्यावरच. होनाजी बाळा, राम जोशी, परशराम ह्यांच्या लावण्या आम्ही निर्विकार चेहऱ्याने शिकवितो, संदर्भासह स्पष्टीकरण विचारतो. दोनशे वर्षे उलटली की शृंगार अभ्यासनीय होतो, आणि परवाचा शृंगार ‘हलका’ ठरतो. ‘आस्वाद’ हा शब्द प्रश्नपत्रिकेत दर वर्षी छापणाऱ्या मंडळींना ‘मला आवडले’ हे दोन शब्द उच्चारताना घशात काही अडकते, ह्याला काय म्हणावे?

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांविषयीही बोलणे भाग आहे. बैठकीनंतर एका सहकारी मित्राने सुचविले की विषयाच्या नावात ‘स्त्रीवादी परिप्रेक्ष्य’ घातले असते तर तो सहज निघाला असता. निघाला असता, ह्यात शंका नाही. पण ही पळवाट आम्हांला त्या शेऱ्याइतकीच खटकते. कादंबरी उपयुक्त आहे म्हणून ती वाचायची मुभा, हा तोच जुना कडवटपणा नव्या शब्दांत आला. जॅनिस रॅडवे ह्यांनी १९८४ साली अमेरिकेतील प्रेमकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांवर पुस्तक लिहिले. त्या स्त्रियांना कथेइतकेच महत्त्वाचे होते ते वाचण्यासाठी मिळविलेले, कोणाच्याही सेवेत नसलेले आपले तास. पुस्तक मोलाचे आहे. परंतु त्याचा आधार घेऊन आम्ही वाचकांचा अभ्यास करू आणि स्वतः वाचक असल्याचे लपवू, तर तो अप्रामाणिकपणा होईल. अभ्यास ‘त्यांचा’, आस्वाद ‘आमचा’ नाही! आम्ही रात्री दीडपर्यंत जागलो ते परिप्रेक्ष्यासाठी नव्हे.

आवडली म्हणजे तिचे दोष दिसत नाहीत असे नाही, उलट आवडलेल्या पुस्तकातच ते बोचतात. हेन्रीची सगळी माणसे सारखीच हजरजबाबी आहेत; पन्नासेक पानांनंतर बोलणारे कोण हे ओळखायला नाव पाहावे लागते. सनशाइन फॉल्स हे गाव पडद्यावर रंगविल्यासारखे आहे. पुस्तकांच्या दुकानाचा पेच ज्या सोयीने सुटतो ती सोय फारच सोयीची. आणि पैसा. नोराने पैशासाठी संपादन सोडले हे सांगून कादंबरी पुढे सरकते, थांबत नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच २०२२च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये ‘हार्परकॉलिन्स’चे कर्मचारी संपावर गेले. किमान वार्षिक पगार ४५ हजार डॉलरवरून ५० हजार व्हावा ही त्यांची एक प्रमुख मागणी, आणि संप फेब्रुवारी २०२३ पर्यंत चालला. त्या महागड्या शहरात पुस्तकांच्या प्रेमावर घरभाडे भरता येत नाही, हे वास्तव कादंबरीच्या कडेकडेने वाहते, मध्ये येत नाही. कोणी ह्या मुद्द्यावर तिला झोडपले तर आम्ही त्याच्या बरोबर बसू. पण त्यासाठी आधी ती वाचावी लागेल.

‘हलका’ ह्या शेऱ्याने वाचण्याचीच सुटका होते, हा त्याचा खरा उपयोग. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून झिजेपर्यंत फिरल्या, ‘नीलांबरी’वरून १९६९ साली ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्या कशा रचल्या होत्या, त्यांची भाषा काय करीत होती, ह्यावर आमच्या विभागाच्या कपाटात एक ओळही नाही. मराठी वाचक घटला म्हणून चर्चासत्रे भरविताना आम्ही त्या वाचकाला कधी विचारले नाही की बाबा रे, तू काय वाचत होतास आणि तुला त्यात काय मिळत होते.

त्या विद्यार्थिनीने शेवटी दुसरा विषय घेतला आणि चांगल्या गुणांनी पूर्ण केला. तोंडी परीक्षेनंतर तिने आम्हांला विचारले, “सर, मॅडम, तुम्ही खरंच ती वाचली नव्हती?” आम्ही वाचली असल्याचे सांगितले. “मग?” ती म्हणाली. ह्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आमची प्रत ती घेऊन गेली. ती परत आली तेव्हा हस्तलिखित तपासण्याच्या प्रकरणात समासभर पेन्सिलीने टिपा लिहिलेल्या होत्या, त्यांतल्या दोन आमच्या वरील परिच्छेदांत आल्या आहेत.

यंदाची विषयांची यादी जूनमध्ये समितीपुढे जाईल. प्रेमकादंबरीचा विषय आम्ही तिच्यात घातला आहे, शीर्षकात परिप्रेक्ष्य वगैरे काही न जोडता. मार्गदर्शकाच्या रकान्यात आम्हां दोघांची नावे आहेत.