कुकरची रिंग वेळेत बदला

कुकरच्या झाकणाकडेने वाफ सुटू लागली, शिटी होईना, की आपल्या घरांत रिंग उलटी करून पाहतात, कोणी काठाला कणीक थापते. दोन दिवस काम भागते. पण त्या दोन दिवसांत गॅस जास्त जळतो, डाळ कच्ची राहते आणि कडेने सुटणारी वाफ हात भाजते. रिंग स्वस्त असते, दवाखाना नाही.

रिंग खराब होण्याची कारणे साधीच आहेत. रोजच्या उष्णतेने रबर कडक होते आणि झाकण व भांडे यांतली फट भरू शकत नाही. तेल-तुपाचा थर साचला की साधे रबर फुगते, सैल पडते. झाकण लावूनच कुकर ठेवला तर रिंग दबून चपटी होते. पाणी न घालता कुकर चढवला, तर चांगली रिंगही एकाच दिवसात जाते. दुसऱ्या मापाची रिंग ताणून बसवली, तर ती लवकर चिरते.

म्हणून स्वयंपाक झाला की रिंग काढावी, साबणाने धुवावी, सावलीत वाळवून मोकळी ठेवावी. झाकणातली खाचही पुसावी. आठवड्याला एकदा रिंग बोटांनी वाकवून पाहावी. हे काम घरातल्या पुरुषांनीही करावे. भेगा, कडकपणा किंवा चिकटपणा आढळला तर आपल्याच कुकरची, मापाची नवी रिंग आणावी.

सैल रिंग फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे. ती घटकाभर आखडते, पण झिजलेले रबर नवे होत नाही. थंडीने तर रबराची लवचीकता आणखी कमी होते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले व ७ अंतराळवीर दगावले, त्यामागे कडाक्याच्या थंडीत ताठर झालेली रबराची रिंगच होती.

अशीच एक छोटी रिंग गॅस सिलिंडरच्या तोंडात असते. सिलिंडर घेताना गॅसवाल्यासमोरच टोपी काढून गळती तपासून घ्यावी. पुढे कधी वास आलाच, तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. चार पैशांची रिंग बदलायला आपण उद्यावर टाकतो, तो उद्या आजच आलेला बरा.