विश्लेषण : सोनोग्राफी प्रोबमधले सिरॅमिक बनवणे एवढे अवघड का?

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत बझरसाठीची पिझो चकती काही रुपयांत मिळते. दादरच्या दंतवैद्याकडचा पिझो स्केलर आणि परळच्या रुग्णालयांतला सोनोग्राफी प्रोब त्याच तत्त्वावर चालतात. पण प्रोबची किंमत लाखांत जाते. भारत ७० ते ८० टक्के वैद्यकीय उपकरणे आयात करतो, असा अंदाज नेहमी मांडला जातो. हे चित्र बदलायचे तर या सुट्या भागापर्यंत जावे लागेल.

तत्त्व काय आहे?

काही पदार्थ दाबले की त्यांच्यावर विद्युतभार निर्माण होतो आणि विद्युतदाब दिला की ते आकार बदलतात. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये यातला पहिला परिणाम दाखवला. आज मुख्यतः वापरतात ते पीझेडटी, म्हणजे शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचे सिरॅमिक. भट्टीतून निघालेला तुकडा लगेच काम करत नाही. उच्च विद्युतदाब देऊन त्याला एक दिशा द्यावी लागते. त्याला पोलिंग म्हणतात.

स्केलर आणि प्रोब यांत फरक काय?

स्केलरला ताकद लागते. सिरॅमिकच्या कड्या धातूच्या दोन भागांमध्ये बोल्टने आवळतात, कारण सिरॅमिक दाब सोसते, ताण नाही. टोक सेकंदाला साधारण २५ ते ५० हजार वेळा कंप पावते आणि दातांवरचे कीटण सुटते. ऑटोक्लेव्हचे १३४ अंश तापमान सिरॅमिक सहज पेलते. आधी दगा देतात ते गोंद आणि सांधे.

प्रोबचे गणित नाजूक. पाच मेगाहर्ट्झसाठी सिरॅमिकची जाडी जेमतेम ०.४ मिलिमीटर. हिऱ्याच्या करवतीने त्याचे १२८ किंवा १९२ भाग पाडायचे, प्रत्येकाला स्वतंत्र जोडणी द्यायची. सिरॅमिक थेट त्वचेला टेकवले तर सुमारे ८० टक्के ऊर्जा सीमेवरूनच परत फिरते. म्हणून मध्ये पाव तरंगलांबी जाडीचे थर बसवतात. गर्दीच्या ओपीडीत प्रोब हातातून निसटला आणि शेजारचे काही भाग निकामी झाले, की चित्रात काळा पट्टा दिसतो. नवा प्रोब येईपर्यंत रांगेतल्या रुग्णांना थांबावे लागते.

घोडे कुठे अडते?

कृती गुपित नाही. पुण्यात डीआरडीओच्या एआरडीई प्रयोगशाळेने पीझेडटीवर काम केले आहे. कठीण आहे ते सातत्य. भट्टीच्या सुमारे १२०० अंशांत शिशाचे ऑक्साइड उडते, मिश्रणाचे प्रमाण बिघडते. प्रयोगशाळेत दहा चांगले तुकडे निघणे वेगळे आणि दर महिन्याला एकसारखे हजारो निघणे वेगळे.

सरकार काय करते आहे?

२०२० च्या ३,४२० कोटींच्या योजनेत प्रोत्साहन वाढीव विक्रीवर होते. सुटे भाग आणि कच्चा माल यांच्याकडे थेट लक्ष गेले ते नोव्हेंबर २०२४ च्या ५०० कोटींच्या योजनेत. त्यासाठी १८० कोटी, एका प्रकल्पाला कमाल १० कोटी. दिशा बरोबर, रक्कम तोकडी.

नव्या उद्योजकाला स्केलरची वाट सोपी. सोनोग्राफी यंत्र लिंगनिदानविरोधी कायद्यामुळे नोंदणीकृत केंद्रांनाच विकता येते (महाराष्ट्राने असा कायदा केंद्राच्या आधी, १९८८ मध्येच केला). स्केलरला ते बंधन नाही, जोडणी सोपी आणि ग्राहक गल्लोगल्ली आहेत.