भूतदयेची शिरगणती

किल्लारीस ३० सप्टेंबर ही तारीख कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. १९९३ सालीं, गणपति विसर्जनाच्या दुसऱ्याच पहाटे, भूमि हालली आणि दगडमातीच्या जड घरांखालीं माणसें व दावणीचीं जनावरें एकत्रच गाडलीं गेलीं. बरोबर एकतीस वर्षांनीं, ३० सप्टेंबर २०२४ रोजीं, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ ही पदवी दिली व गोशाळांतील प्रत्येक देशी गाईमागें दररोज ५० रुपये अनुदान देण्याचें ठरविलें. या दोन घटनांचा परस्परांशीं संबंध नाहीं. पण किल्लारीच्या बाजूच्या माणसाच्या मनांत तो जुळल्यावांचून राहात नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी या अनुदानाचा अर्ज लिहून घेण्यासाठीं मजकडे आला होता. किल्लारीजवळच्या आपल्या शेतांत पत्र्याची छपरी घालून त्यानें एकोणीस जनावरें सांभाळलीं आहेत : थकलेले बैल, आटलेल्या गाई, एक आंधळी म्हैस, आणि मोटारीखालीं सांपडलेलीं दोन कुत्रीं. मीं नियम वाचले. संस्थेस गोसंगोपनाचा निदान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि गोशाळेंत निदान ५० गोवंश हवा. त्याची संस्था दीड वर्षाची. अर्ज न लिहितांच आम्ही चहा घेतला.

माझा आक्षेप रकमेवर नसून मोजमापावर आहे. पन्नास देशी गाईंच्या गोशाळेस या हिशेबानें वर्षाला ९,१२,५०० रुपये होतात. आतां तिनें लाळ-खुरकुतानें खंगलेल्या दहा गाई बऱ्या करून गरीब कुणब्यांच्या दावणीस परत बांधल्या, तर दुसऱ्या दिवसापासून तिचें उत्पन्न रोज ५०० रुपयांनीं घटेल. म्हणजे जनावर बरें करून परत देणारी संस्था तोट्यांत, आणि नुसतें बांधून ठेवणारी फायद्यांत! अशा व्यवस्थेनें इस्पितळें निघत नाहींत, कोंडवाडे निघतात. संकरित गाय, म्हैस, गाढव, कुत्रें यांना तर या गणतींत जागाच नाहीं.

कोणी म्हणेल, अटी नसत्या तर खोट्या गोशाळांचें पेंव फुटलें असतें. हें म्हणणें खोटें नाहीं. दुष्काळांतील चारा-छावण्यांत जनावरांच्या आंकड्यांविषयीं काय काय तक्रारी झाल्या, हें मराठवाड्यानें पाहिलें आहे. परंतु कानांतल्या बिल्ल्यानें जनावर आहे एवढेंच सिद्ध होतें; त्यानें पोटभर खाल्लें कीं नाहीं हें बिल्ला सांगत नाहीं. तें पशुवैद्य सांगेल. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांनीं वर्षांतून दोनदां प्रत्येक छपरी पाहावी; किती जनावरें आलीं, किती बरीं झालीं, किती परत गेलीं, किती मेलीं याचें टिपण करावें, आणि अनुदान त्या टिपणावर ठरावें. मग जनावरें पन्नास असोत कीं पांच.

शिवाय हें अनुदान म्हणजे सरकारचा दानधर्म, ही समजूतही टाकली पाहिजे. १९७६ च्या कायद्यानें गाईस असलेलें संरक्षण मार्च २०१५ पासून वळू व बैल यांनाही लागू झालें. त्या कायद्याचें बरेंवाईट कसेंही असो. म्हातारा बैल विकून नव्याच्या किमतीस हातभार लावण्याची शेतकऱ्याची वाट त्यानें बंद केली. ज्यानें वाट बंद केली त्यानें बैलाच्या उतारवयाचा खर्च उचलणें, हें ऋण फेडणें आहे.

पण सारा भार सरकारवर टाकून आपण सुशिक्षितांनीं मोकळें होणें, हीही लबाडीच. मुंबईंत १८३२ सालीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनीं तेथें पांजरापोळ निघाला, तो जमशेटजी जिजीभाईंसारख्यांच्या पदरच्या द्रव्यानें. आणि तो चालविण्यासाठीं व्यापाऱ्यांनीं आपल्याच मालावर लाग बसविला. लातूरच्या आडत बाजारास तुरीच्या पोत्यामागें एक रुपया जड कां व्हावा? २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावयास सांगितलें, आणि त्या कार्यांच्या यादींत पशुकल्याणही आहे. परंतु तें द्रव्य सुबक इंग्रजी अहवालाच्या मागें जातें, आणि किल्लारीच्या छपरींत अहवाल लिहावयास कोणी नाहीं. तो लिहून देणें हें आम्हां प्राध्यापकांचें काम नव्हे काय? त्या दिवशीं चहा पाजून मीं विद्यार्थ्यास रिकाम्या हातीं लाविलें, हा दोष माझाच.

देवणी आणि लाल कंधारी या आपल्या मातींतल्या जाती, असा अभिमान आपण मिरवितों. पोळ्यास बैलापुढें पुरणपोळी ठेवितों. आणि तोच बैल बसला कीं त्याची सोय दुसऱ्या कोणीं तरी करावी अशी अपेक्षा धरितों. १९९३ सालीं ढिगाऱ्याखालीं एकच जीव धुगधुगतो आहे असें कळलें तरी माणसें धांवत गेलीं. पन्नास आहेत काय, असें तेव्हां कोणीं विचारलें नव्हतें.