नवं काय मिळालं?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०८ मध्ये, कलकत्त्याला सियालदह इथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाला होता. तोवर आपलं गाणं इथे मुद्रित व्हायचं, जर्मनीत हॅनोव्हरला त्याच्या तबकड्या निघायच्या आणि बोटीने परत यायच्या. म्हणजे मराठी माणसाच्या घरात दिवाळी अंक आणि देशात तयार झालेली गाण्याची तबकडी ही दोन्ही साधारण एकाच सुमारास आली. यंदाच्या अंकाचा विषय ठरवताना हा योगायोग आमच्या मनात होता. हा अंक रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा आहे.

अशा माणसांच्या घोळक्यात जो बसला असेल त्याला ठाऊक आहे, की तिथे ख्यालीखुशाली नंतर विचारली जाते. आधी प्रश्न येतो, “नवं काय मिळालं?” मग पिशव्या उघडतात. कुणी चोरबाजारात रविवार घालवून नारायणराव व्यासांची मालगुंजी मिळवलेली असते, तीही दुसरी बाजू चरे पडलेली. कुणाला पुण्याच्या जुन्या बाजारात भांड्यांच्या ढिगाखाली ओडियनची तबकडी सापडलेली असते. कुणाच्या शेजाऱ्यांनी वाडा पाडताना एक ट्रंक देऊन टाकलेली असते आणि तिच्यातल्या निम्म्या रेकॉर्ड फुटलेल्या निघतात. लाखेची तबकडी फुटते, म्हणून ती सगळे दोन्ही हातांनी कडेने धरतात. पाहणारा आधी लेबल वाचत नाही. तो लेबलच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक उजेडात तिरका धरून वाचतो. त्या काळच्या बहुतेक तबकड्यांवर मुद्रणाची तारीख नसते. कुठल्या दौऱ्यात, कुठल्या शहरात, साधारण कुठल्या वर्षी हे गाणं मुद्रित झालं ते त्या आकड्यांच्या मालिकेवरून ताडावं लागतं. मग पिन बदलली जाते, चावी दिली जाते आणि सगळे गप्प होतात.

मला या गप्प होण्याचं मोल फार वाटतं. नवी वस्तू हाती आली की ती दुसऱ्याला दाखवावी ही हौस कुठल्याही संग्राहकाला असते. नाण्यांच्या किंवा तिकिटांच्या संग्राहकाचं दाखवून भागतं. रेकॉर्डवाल्याला मात्र ऐकवावं लागतं, आणि ऐकवलं की ती वस्तू त्याची एकट्याची राहत नाही. आपल्या संगीताचा गेल्या सव्वाशे वर्षांचा ऐकता येण्याजोगा इतिहास आज हाती आहे, तो मोठ्या प्रमाणात या ऐकवण्याच्या हौसेमुळे आहे, असं माझं ठाम मत आहे. कंपन्यांनी धंदा केला. गाणं खपेनासं झालं की साचे मोडीत काढले. सरकारी संग्रहालयांनी फार उशिरा हात घातला. मधल्या दशकांमध्ये हा ठेवा सांभाळला तो नोकरी करणाऱ्या, पगारातून चार पैसे बाजूला काढणाऱ्या रसिकांनी.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या लोकांना मेणावरचा आवाज कुणाचा आहे हे कळावं, म्हणून ती सोय होती. आज ऐकताना त्या एका वाक्यात बाईचा ताठ कणा ऐकू येतो. कर्ण्याच्या तोंडाशी गळा नेऊन, समोर एकही श्रोता नसताना, ठरल्या मिनिटांत गायचं, हे त्या पिढीतल्या फार थोड्यांना मान्य झालं. झोहराबाई आग्रेवालींना झालं, म्हणून आज आपल्याला ती धारदार तान ऐकता येते. अल्लादिया खाँसाहेबांना झालं नाही. ते १९४६ पर्यंत हयात होते, त्यांच्या डोळ्यांदेखत मुंबईत हजारो तबकड्या निघाल्या, आणि त्यांचा स्वतःचा आवाज मात्र आपल्यापाशी नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचंही एक गाणं मुद्रित स्वरूपात उरलेलं नाही. ज्यांच्या शिष्यांच्या नावांनी मराठी संगीताची पानंच्या पानं भरतात, त्या बुवांचा षड्ज कसा लागत असे ते आपण कधीच ऐकणार नाही. ज्याला ही उणीव टोचते त्यालाच फुटक्या ट्रंकेतल्या उरलेल्या निम्म्या रेकॉर्डचं महत्त्व कळतं.

तीन मिनिटांत काय राग दिसणार, असा आक्षेप जुना आहे आणि तो पूर्ण खोटाही नाही. विलंबित ख्यालाची बढत तबकडीत मावत नाही. दहा इंची बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, बारा इंची चार-साडेचारची. पण अब्दुल करीम खाँसाहेब पहिल्या दोन स्वरांत राग उभा करतात, आणि मुखडा दुसऱ्यांदा येईपर्यंत आपण आत ओढले गेलेलो असतो. उगाच भरीला घातलेली एकही तान तिथे नसते. त्या तीन मिनिटांनी गवयाला निवड करायला लावली. आजच्या दीड तासाच्या मैफलीत मला अनेकदा ही निवड हरवलेली दिसते, आणि तरुण गायकांनी महिनाभर फक्त अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या ऐकाव्यात असं मनापासून वाटतं. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लहानपणी रेकॉर्डवर ऐकली आणि असं गायला शिकायचं म्हणून घर सोडलं, हे भीमसेन जोशी स्वतः सांगत. पुढे ते कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोचले, खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. त्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात महोत्सव भरतो. एका तबकडीच्या एका बाजूतून एवढं निघालं. ती कुणीतरी विकत घेतली होती आणि इतरांना ऐकू जाईल अशी लावली होती, म्हणून निघालं.

विकत घेण्याची आणखी एक गोष्ट या अंकात यायलाच हवी. १९७७ मध्ये अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवायचं ठरलं. भारतीय संगीतातून काय घ्यावं, यावर संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली. सुचवणं सोपं होतं, रेकॉर्ड मिळणं अवघड. ती बाजारातून गेलेली होती. न्यूयॉर्कभर शोधल्यावर त्या तबकडीच्या कामातल्या ॲन ड्रुयन यांना ती लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखालच्या धूळभरल्या खोक्यात मिळाली. तीन न उघडलेल्या प्रती होत्या. त्यांनी तिन्ही घेतल्या. गोव्यातल्या केरीत १८९२ साली जन्मलेली, अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं मेहनत केलेली ही गायिका ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अतिशय चोखंदळ होती. तिची साडेतीन मिनिटांची भैरवी ऑगस्ट आणि सप्टेंबर १९७७ मध्ये दोन यानांबरोबर निघाली, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गुरूचा आवाज तबकडीवर नाही, शिष्येचा सूर्यमालेच्या कडेपलीकडे गेला. त्या दुकानदाराने जुना माल म्हणून ते खोकं टाकून दिलं असतं तर कदाचित दुसरंच काही गेलं असतं.

संग्राहकांचं काम जमवण्यापाशी थांबत नाही. तबकडीचा खरा वेगही त्यांना शोधावा लागतो, कारण मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या हा आकडा पुढे रुळला. सुरुवातीच्या काळात यंत्राचा वेग कंपनीगणिक आणि मुद्रणागणिक बदलत असे. मिनिटाला चौऱ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरवर लावली तर वेग पाच टक्क्यांहून अधिक वाढतो आणि काळी एकमध्ये गाणारा गवई जवळपास पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. लय चढते, तान अधिक चपळ वाटते, आवाज बारीक होतो. कित्येक जुन्या गायकांविषयीची आपली मतं चुकीच्या वेगावर बेतलेली असू शकतात, ही जाणीव मला प्रथम संग्राहकांनी दिली. बाजाच्या पेटीची पट्टी घेऊन, दोन-तीन तबकड्या ताडून ते वेग ठरवतात. लेबलांवरचे रागही ते तपासतात, कारण कंपनीच्या कारकुनाने बिहागचा मारुबिहाग करून ठेवल्याचे प्रकार होतात. लेबलवर नावापुढे ‘अमॅच्युअर’ का छापलं, कुणाला ‘जान’ म्हटलं आणि कुणाला ‘बाई’, यातून त्या काळची सामाजिक उतरंडही ते वाचतात.

१९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या माणसाने तिच्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून कुणाला काय मिळालं हे नोंदलं जाऊ लागलं. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची सूची पुस्तकरूपाने केली. परक्या मुलखातला माणूस आपल्या गाण्याचे क्रमांक जुळवत बसतो, आणि आपल्यातल्या पुष्कळांना घरातल्या माळ्यावर काय आहे हे माहीत नाही, याचं दुःख वाटतं.

तबकडीचा काळ गेला तसे एलपी आले. अमीर खाँसाहेबांचे मारवा आणि दरबारी एका एलपीवर दोन बाजूंना निघाले. तो एलपी ज्यांच्या घरी होता त्यांच्याकडे शेजारीपाजारी रात्री ऐकायला जमत. मग कॅसेट आल्या. पुण्याच्या आलूरकर म्युझिक हाऊसने किंवा मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसने गाणं विकलं तितकंच गिऱ्हाइकांना एकमेकांशी बोलायलाही लावलं. काउंटरपाशी उभा असलेला अनोळखी माणूस “मन्सूरांचं हे घेऊ नका, ते घ्या” असं सांगे आणि त्यावर अर्धा तास चर्चा होई. ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. आता फोनवर सगळं मिळतं असं म्हणतात. खूप मिळतं, हे खरं आहे. खेड्यातल्या मुलीला कुमारजींचं गाणं पैसे न देता ऐकता येतं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिथे तबलजीचं नाव नसतं, साल नसतं, गाव नसतं. एकाच मैफलीचे तीन तुकडे तीन निरनिराळ्या रागांच्या नावाखाली फिरतात. तबकडीवर निदान क्रमांक होता.

सर्वांत मोठी काळजी मात्र तबकड्यांची नाही. त्या लाखेच्या आहेत, फुटल्या नाहीत तर आणखी शंभर वर्षं वाजतील. काळजी आहे ती स्पूल आणि कॅसेटची. साठच्या दशकापासून दादर, पार्ले, सदाशिव पेठ, मिरज, कोल्हापूर, नागपूर, म्हापसा इथल्या घरगुती बैठकांमध्ये रसिकांनी गवयांच्या परवानगीने फिती फिरवल्या. तीन मिनिटांची मर्यादा तिथे नव्हती, कंपनीचा माणूस घड्याळ दाखवत नव्हता, समोर जाणकार बसलेले होते. अनेक गायकांचं उत्तम गाणं या फितींवर आहे. त्या फितींना आपल्या हवेत बुरशी येते, चुंबकीय लेप सुटतो, वेढ्याला वेढा चिकटतो. वर लिहिलेलं असतं ‘मारवा, बाजू अ’, आणि हे कुणी लिहिलं, कुणाचं गाणं, कुठल्या साली, हे सांगणारे आजोबा आता नसतात. काही संग्राहक अशा फिती दडवून ठेवतात, दुसऱ्याला प्रत द्यायची नाही म्हणून. त्यांची भीती मी समजू शकतो. दिलेली वस्तू परत न आल्याचा अनुभव सर्वांनाच असतो. तरीही दडवलेली फीत ही वाया गेलेली फीत आहे. एकच प्रत असलेलं गाणं एका पावसाळ्यात जाऊ शकतं.

या अंकात संग्राहकांनी आपापल्या अलीकडच्या प्राप्तीविषयी लिहिलं आहे. आम्ही त्यांना किंमत लिहू नका असं सांगितलं होतं. वस्तू कुठे मिळाली, तिच्यावर काय क्रमांक आहे आणि ती ऐकल्यावर काय नवं कळलं, एवढंच मागितलं. आलेले लेख वाचताना आम्ही कित्येकदा थांबून ते गाणं शोधून ऐकलं. तुम्हीही तसंच वाचावं.

आणि दिवाळीच्या सुट्टीत एक काम करावं. घरातला माळा, आजोबांचं कपाट, मामांची ट्रंक उघडावी. जे निघेल ते लगेच वाजवायला घेऊ नये. फुगलेली किंवा चिकटलेली फीत यंत्रावर चढवली की तुटते. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला शेजारी बसवून, ही बैठक कुणाकडे झाली, साथीला कोण होतं, कुठलं साल असावं, हे विचारून कागदावर लिहावं आणि तो कागद त्याच डबीत ठेवावा. मग जाणत्या माणसाकडून प्रत करून घ्यावी, एक घरी ठेवावी आणि एक अशा हाती द्यावी जिथून ती इतरांना ऐकता येईल. काय मिळालं ते आम्हालाही पत्राने कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.