तुमचंच चालू होतं की!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला. पण ही गोष्ट मराठीतच सांगायला हवी.

गॅदरिंगसाठी दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करायचं ठरलं. कॅमेरा म्हणजे मोबाईल, बजेट म्हणजे वर्गणी. प्रॅक्टिकल संपल्यावर आम्ही आठ जण ड्रॉइंग हॉलमध्ये जमलो. विषय एकच, पहिला सीन काय? सातला गर्ल्स हॉस्टेलचं गेट बंद होतं, म्हणून घाई. दीड तासात पाच ओपनिंग निघाली. त्यातल्या चारांत हिरो अलार्म बंद करून पुन्हा झोपत होता! पाचवं माझं : पाऊस, खिडकी, कॉफीचा मग. परभणीच्या उन्हात पाऊस कुठून आणणार, हे कुणी विचारलंच नाही. मी फाडफाड इंग्रजीत बोलत होते ना! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझं ओपनिंग पास झालं.

निघताना एक मुलगा, जो सगळा वेळ पेनचं टोपण चावत बसला होता, दारात हळूच म्हणाला, “संध्याकाळचं बसस्टँड. गंगाखेडची गाडी येते. घरून पाठवलेले डबे उतरतात. पोरं फडक्याच्या गाठीवरून आपापला डबा ओळखतात. एक डबा राहतो. न्यायला कोणीच येत नाही.”

बस्स, एवढंच. पण पुढचा सिनेमा मला लगेच बघावासा वाटला. कोणाचा डबा? तो का आला नाही? घरी आईला कळलं का?

“अरे, मग आत का नाही बोललास?”

“तुमचंच चालू होतं की!”

हे वाक्य मला लागलं. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द आपण ऐटीत वापरतो. अॅलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने 1953च्या पुस्तकातून त्याचे नियम गाजवले : टीका नको, भरपूर कल्पना सुचवा. पण 1958 साली येल विद्यापीठात त्याची परीक्षा झाली. एकीकडे चौघांचे गट, दुसरीकडे एकेकटे बसलेले चौघे. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्याच जास्त भरल्या! कारण सोपं आहे. एका वेळी एकच जण बोलू शकतो. एकेरी पुलावर एक ट्रक अडला की मागे रांग लागते, तसंच. आमच्या पुलावरचा ट्रक मी होते.

मग ग्रुप नकोच का? तसं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यावर सगळे तुटून पडले. कुणी म्हणालं, डब्यावर नाव रंगवलेलं दाखवू. कुणी म्हणालं, कंडक्टर तो भरलेला डबा परत नेतो. सीन उजळला. म्हणजे कल्पना एकट्याला सुचते, ग्रुप तिला घासूनपुसून लख्ख करतो.

‘फँड्री’ (2013) सुरू होतो माळावर गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे फिरणाऱ्या जब्यापासून, तर ‘सैराट’ (2016) गावच्या क्रिकेट मॅचपासून. नागराज मंजुळेंना कॉफीचा मग लागला नाही. मग आपल्यालाच आपलं बसस्टँड का दिसू नये?

म्हणून माझी सूचना : कोणत्याही मीटिंगची पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, कोणत्याही भाषेत, नाव न घालता. मग चिठ्ठ्या मिसळून वाचायच्या. मिनी प्रोजेक्ट असो की मेस कमिटी, करून तर बघा.

पुढच्या वेळी मी दहा मिनिटं गप्प बसणार आहे. रूममेट म्हणते, “त्याचीच शॉर्टफिल्म काढा, पहिला नंबर येईल!”